बांडगूळ

यवतला आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला एक जुना रायवळ आंबा आहे. माझ्या लहानपणी त्याचा मोहर कमी होऊ लागला, तेव्हा वडिलांनी गड्याला वर चढवले आणि खालून सांगितले, "एकूण एक बांडगूळ उतरव." दुपारपर्यंत झाडाखाली हिरवा ढीग पडला.

आत्या गड्याचे जेवण घेऊन आली होती. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी परतली, ती कायमची. ढिगातून तिने एक झुबका उचलला. जाड, चिवट पाने. गांडुळासारखी पांढरट मुळे. म्हणाली, "दादा, हे बांडगूळ नव्हे. हे झाडाचं काही खात नाही. नुसतं ओसरीवर टेकलंय." वडील हसले. आत्याने गड्याकडून तो झुबका सुतळीने फांदीला परत बांधून घेतला.

तिचे म्हणणे किती खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून कळले. बांडगूळ फांदीची साल फोडून आत शिरते आणि झाडाचे पाणी ओढते. फुलटोच्या पक्ष्याने खाल्लेल्या फळाची चिकट बी दुसऱ्या फांदीवर पडली, की तिथे नवे बिऱ्हाड सुरू होते. आत्याच्या हातातली मात्र आमरी होती. तिची मुळे फांदीला धरून राहतात, आत शिरत नाहीत. त्यांच्यावर टिपकागदासारखे आवरण असते. सर आली की ते पाणी टिपते आणि मुळे हिरवट दिसू लागतात. दिवसा उन्हात ती पानांची रंध्रे मिटून घेते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते तो रात्री. भीमाशंकरच्या रानात शेवाळ, नेचे, आमऱ्या फांदीफांदीवर दाटीने राहतात. धुके त्यांना पाजते. सह्याद्रीवर रिते झालेले ढग आमच्या दौंड तालुक्यात पोचतात, तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारखे थोडेच उरते. इथे टिकायचे तर इतक्या काटकसरीने राहावे लागते.

अन्याय नावातच आहे. झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीला संस्कृतात 'वंदा' म्हणत. शास्त्रज्ञांनी ह्या निरपराध आमरीच्या प्रजातीला तेच नाव दिले: व्हँडा.

आमच्या घरातही असेच झाले होते. भांडणात मोठी माणसे आत्याला 'बांडगूळ' म्हणत. एकदा, नऊ-दहा वर्षांचा असताना, मीही म्हणालो. पहाटे सर्वांआधी उठणारी आणि सर्वांमागून जेवणारी ती बाई काही बोलली नाही. माझ्या ताटात तिने भाकरी वाढली.

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालते. त्या दिवशी आत्याच्या हातांना उसंत नसे. आता ती नाही. यंदा पालखीच्या दिवसांत मी आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. सुतळी केव्हाच कुजून गेली आहे. फांदी मुळांनीच धरली आहे. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि जांभळट ओठ, अशी पाच-सहा फुले दांड्यावर होती. आंब्याचे काही बिघडलेले नव्हते.

तिची क्षमा मागायची राहिली, ती राहिलीच.