रगत कमी, लोह जास्त

नाताळच्या सुट्टीत भीमपूरला मावशीकडे गेले, तेव्हा मावसभावासाठी लोहाच्या टॉनिकची बाटली घेऊन गेले होते. तो आठ वर्षांचा. त्याला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी आदिलाबादला नेऊन रक्त चढवावं लागतं. "त्याच्या आंगात रगतच नाही वं माय," मावशी फोनवर म्हणायची. रक्त कमी म्हणजे लोह कमी, एवढंच मला माहीत. मावशीचंही तेच. गूळ, शेवग्याचा पाला, लोखंडी कढई. आणि डॉक्टरांनी दिलेली लोह काढायची गोळी तिनं बंद केलेली. "आधीच रगत कमी, त्यात लोह काऊन काढाचं?"

रात्री तिनं इंग्रजी रिपोर्ट पुढे ठेवला. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची खूण, कितीतरी पट जास्त. बाटली मी पिशवीतून काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्यासोबत आदिलाबादला गेले. डॉक्टरांनी समजावलं. जेवणातून रोज १-२ मिलिग्रॅम लोह अंगात जातं, साधारण तेवढंच बाहेर पडतं. जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. रक्ताच्या एका पिशवीत मात्र २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. ते वाहून नेणारं प्रथिन भरून गेलं, की उरलेलं लोह मोकळं फिरतं. त्यातून तयार होणारे घातक रेणू तांबड्या पेशींचं आवरण पोखरतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. थॅलेसेमियातली पेशी मुळात कमजोर, ती त्याच्या किती तरी आधी फुटते. शिवाय यकृतात, हृदयात लोह साचतं ते वेगळंच.

हे सगळं मावशीला मराठीत सांगताना मी अडखळले. साहित्य शिकते, पण 'रक्त कमी' या दोन शब्दांनी मलाही फसवलं होतं. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे काळ्या रानात पाणी साचते तसं? कपाशीले पाणी तं लागते, पण साचलं का पिवळी पडते."

"हो मावशी. ही गोळी म्हणजे पाणी काढायचा चर."

सकाळी उठले तेव्हा ती पेल्यात गोळी विरघळवत होती. पोरगं तोंड वाकडं करून प्यालं. बाटली मी तशीच परत आणली.