वेशीपलीकडचं गाव

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे आंबिया बहराची संत्री नागपूरच्या बाजारात गेलेली असतात, मृगाची अजून झाडावर हिरवी असतात. मधल्या थंडीत कबड्डीचे सामने लागतात. ढेकळं फोडून, पाणी शिंपून जमीन बसवायची, चुन्याच्या फक्कीने रेघा मारायच्या, बांबूवर दिवे चढवायचे. इथल्या मोहगावात अर्धनारीश्वराचं देऊळ आहे, नगर परिषद आहे. पण माइकवरून ‘मोहगाव’ असा पुकारा होतो आणि सात पोट्टे मांड्यांवर थापा मारत आत शिरतात, तेव्हा गावाला जो आवाज फुटतो तो एरवी कुठे ऐकू येत नाही. समोर दुसरं गाव उभं असतं ना!

गावाची ही खोड खेळापेक्षा जुनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबती निघतात त्याच दिवशी, पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्णेकरांनी झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगावकरांनी दगडांचा मारा करून त्यांना अडवायचं. मग तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दरसाल शेकड्यांनी माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. डोकं फुटलेल्या पोराच्या आईला परंपरा समजावायला मी काही जाणार नाही.

प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी ते थोडा वेळ फेकले आणि पुन्हा दगड उचलले. याला अडाणीपणा म्हणून लोक हसतात. मला वाटतं, चेंडू दिला पण खेळ दिला नाही. पंच नाही, वेळ नाही, हरून घरी जायची सोय नाही. मग रबरी चेंडूने करायचं तरी काय?

इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये ॲशबोर्न नावाचं एक छोटं शहर आहे. तिथेही मधून ओहोळ जातो, हेनमोर. ईस्टरपूर्वीच्या उपवासाला लागताना दोन दिवस सगळं शहर एका चेंडूमागे धावतं. ओहोळाच्या उत्तरेला जन्मलेले ‘वरचे’, दक्षिणेला जन्मलेले ‘खालचे’. गोलांमध्ये तीन मैलांचं अंतर, आणि चेंडू जात्याच्या तळीसारख्या मोठ्या दगडावर तीनदा आपटला की गोल. माणसं कमरेइतक्या गार पाण्यात झटापट करतात, दुकानदार काचांवर फळ्या ठोकतात. १९२८ साली युवराज एडवर्ड चेंडू टाकायला आले, तर त्यांचंही नाक रक्ताळलं म्हणे. जामकाठच्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. तिथे चेंडू शतकानुशतकं होता. तरी आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हता.

तो आला वहीतून. १८५७ मध्ये शेफील्डच्या काही क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग गरम ठेवायला क्लब काढला आणि पुढच्या वर्षी नियम लिहिले. पण खेळायचं कुणाशी? दुसरा क्लबच नाही! मग आपसातच, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. त्या क्लबची मला जगज्जेत्यांपेक्षा जास्त कणव येते. अखेर १८६० साली शेजारच्या हॅलम गावाने आपला संघ उभा केला आणि २६ डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोन क्लब पहिल्यांदा भिडले. शेफील्ड जिंकलं. हॅलम अजून त्याच मैदानावर खेळतं. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन बसली, तेव्हा मोठा वाद झाला तो समोरच्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही यावर. बंदी आली म्हणून ब्लॅकहीथ क्लब रागावून बाहेर पडला. म्हणजे तिथेही दगड हातातून सुटायला वेळ लागलाच.

आपल्याकडे कोल्हापूरने चुरशीला नियमांत बसवायचं हे काम फार सहज केलं. तिथल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. शाहू स्टेडियमवर लाल मातीतली पेठापेठांची चुरस बूट घालून उतरते. आमच्या भागात ते काम हुतुतूने, म्हणजे आजच्या कबड्डीने केलं. १९१८च्या सुमारास साताऱ्याकडे नियम बांधायला सुरुवात झाली, १९२३ साली बडोद्यात मोठी स्पर्धा भरली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले, त्यात हाही होता. कुणाच्या बाजूला किती माणसं, रेषा कुठे, बाद कोण, हे एकदा ठरलं आणि मेलेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येऊ लागला. गोटमारीत ही सवलत नाही.

गावच्या कबड्डी मंडळाला कार्यालय नसतं. बनियनांचा गठ्ठा एकाच्या घरी, जमाखर्चाची वही दुसऱ्याच्या किराणा दुकानात, ढाली जुन्या कप्तानाच्या पडवीत धूळ खात. वर्गणीची पावती हिंदीत फाडतात, वर्गणीवरून भांडण मराठीत होतं. पोरं पिथमपूरला, नागपूरच्या बुटीबोरीला कामाला गेली की चार हिवाळे संघच नसतो. मग कुणीतरी पुन्हा फक्कीचं पोतं आणतो आणि स्थापनेचं साल सांगताना दोन म्हातारे दोन वेगळी सालं सांगतात.

सगळ्यात मोठी लढाई मात्र मैदानाबाहेर, टेबलावर होते. बाहेरचा गडी भाड्याने आणला, असा आक्षेप आला की आयोजक आधार कार्ड मागतात. पत्ता दुसऱ्या गावचा निघतो. मग कप्तान म्हणतो, “भाऊ, भाचा आहे आमचा. याची माय इथलीच.” समोरचे म्हणतात, “मामाच्या गावाला सुट्टीत जातात, चढाईला नाही.” ॲशबोर्नवाल्यांनी जन्मठिकाणावर प्रश्न मिटवला, आमच्याकडे सोयरीक आड येते. गोटमारीची आख्यायिकाही सोयरिकीचीच. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला, नदीत दोघं अडकली आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. ती दोघं पार झाली असती, तर त्यांच्या पोराला कुठल्या काठावर उभं केलं असतं? आमच्या टेबलावरचे पंच तरी दरवेळी डोकं खाजवतात, दोन्ही कप्तानांना चहा पाजतात आणि भाच्याला खेळू देतात. पकडीत तो बहुधा मामाच्याच गावाकडून आपल्या चुलतभावाचा घोटा धरतो.