कॅमसचा माळ

अमेरिकेंतील आयडाहो संस्थानांत, स्नेक नदीच्या खोऱ्यांत, बॅनॉक नांवाचे मूळ रहिवासी आहेत. हे उत्तर पायूट लोकांचे भाऊबंद. घोडे मिळाल्यावर ते पूर्वेस आले, व भाषा निराळी असतांहि शोशोनी लोकांशीं एकोप्यानें नांदले.

त्यांचें जीवन ऋतूंप्रमाणें चाले. नद्यांत सॅमन मासे चढूं लागले म्हणजे ते मासेमारी करीत. गव्यांच्या शिकारीस घोड्यांवरून डोंगर ओलांडीत. आणि वसंत सरतां सरतां कॅमसच्या माळावर उतरत. कॅमस ही कांद्यासारखा गड्डा असणारी वनस्पति. तिला निळीं फुलें आलीं म्हणजे सारा माळ सरोवरासारखा भासतो. बायका टोकदार काठीनें गड्डे उकरीत व तापलेले दगड घातलेल्या खड्ड्यांत झांकून ते सावकाश शिजवीत. तेणेंकरून ते गोड होत. वाळविलेले गड्डे हीच हिंवाळ्याची बेगमी.

१८६८ सालीं फोर्ट ब्रिजर येथें सरकाराशीं तह झाला. बॅनॉकांच्या राखीव प्रदेशांत या माळाचा वाजवी भाग असावा असें ठरलें. परंतु कागदावर 'कॅमस'च्या जागीं 'कॅन्सस' असें उतरलें! माळ राखला गेलाच नाहीं. गोऱ्या वसाहतवाल्यांचीं गुरें व डुकरें तेथें शिरलीं, आणि डुकरांनीं गड्डे उकरून फस्त केले. १८७८ सालीं युद्ध पेटलें. नायक बफेलो हॉर्न आदल्याच वर्षीं सरकारी सैन्याचा टेहळ्या होता. तो या युद्धांत पडला, व बॅनॉकांचा पराभव झाला.

वह्या तपासतांना एका अक्षरासाठीं आम्हीं गुण कापले म्हणजे मुलें रुसतात, पालकांसहि तें कठोर वाटतें. त्यांनीं हा तह आठवावा. तथापि सारा दोष लेखणीचा नव्हे. चूक सुधारण्यास दहा वर्षें होतीं. उणीव होती ती इच्छेची. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या हातीं गेला, तेव्हांहि पत्रांवर राजमुद्रा होतीच.

परंतु शब्दानें न्यायहि होतो. त्याच तहांत शिकारीचा हक्क लिहिला होता, मासेमारीचा उल्लेख नव्हता. १९७२ सालीं आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयानें या लोकांच्या भाषांत दोहोंस निरनिराळीं क्रियापदें नाहींत हें ध्यानीं घेतलें, आणि सॅमन धरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. शोशोनी व बॅनॉक आजहि फोर्ट हॉल येथें एकत्र राहतात. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच भाषेंत समजून घेणें, हा शेजारधर्माचा पहिला धडा होय, असें आम्हांस वाटतें.