वाफसा आणि दहा मिनिटांचा पाना

मी कृषी खात्यातला माणूस. पेरणी कधी करावी हे गावोगाव सांगत फिरण्यात माझी उमर गेली. पण आमच्या स्वतःच्या घरची एक पेरणी चुकली. ती कशी चुकली, हे आज सांगतो.

आमचे रान मंगळवेढ्याकडचे, काळे. रब्बी ज्वारी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरली तर साधते. वरची ओल उडाली की पुढे सगळे नशिबावर. नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षे झाली होती. हस्ताचा पाऊस चांगला झाला, वाफसा आला आणि दादांनी कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडले. चार एकर राहिले असताना टाकीतले डिझेल संपले. डिझेल आणून ओतले, पण इंजिन काही चालू होईना. चावी फिरवून फिरवून बॅटरीही बसली.

तालुक्याहून मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी डिझेल फिल्टरवरचा स्क्रू पान्याने सैल केला आणि पंपाची छोटी दांडी हाताने हलवली. आधी फेस आला, मग बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल आले. स्क्रू आवळला, दुसरी बॅटरी जोडली, इंजिन सुरू! टाकी रिकामी झाल्यावर नळीत हवा शिरली होती, एवढेच. काम दहा मिनिटांचे, पण वाफसा गेला तो गेलाच. त्या चार एकरांत ज्वारी विरळ उगवली. मी बी.एस्सी. झालेला, पण तो स्क्रू मला ठाऊक नव्हता. दादा काही बोलले नाहीत, त्याचेच जास्त लागले.

पुढच्या बाजारी आम्ही लोखंडी पेटी आणि पान्यांचा संच घेतला. मग एकेक वस्तू पेटीत येत गेली.

ग्रीस गन आली. पुढचा आस, स्टिअरिंगचे सांधे, क्लच-ब्रेकचे पायटे इथे ग्रीस लागते. गन लावण्याआधी निप्पल फडक्याने पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते.

हवा मोजायचा गेज आला. तोवर दादा टायरला लाथ मारून हवा ओळखत! शेतकामात मागच्या टायरला साधारण 12 ते 14 पौंड हवा पुरते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. हवा जास्त झाली की चाक घसरते आणि डिझेल वाया जाते. कमी झाली की टायरच्या बगला चिरतात.

जाळीचे नरसाळे आले. डिझेल गाळूनच भरावे, आणि तेही संध्याकाळी काम संपल्यावर. रात्रभर टाकी रिकामी राहिली तर आतल्या हवेचा दमटपणा पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो.

बॅटरीसाठी हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली आली. भरलेल्या बॅटरीत आकडा 1.260 च्या आसपास दिसतो. बॅटरी सोडवताना वजा खुणेची वायर आधी काढावी, जोडताना ती शेवटी लावावी.

शेवटची वस्तू वहिनींनी आणली. एकदा रानातच चाक काढायचे होते. दादांनी जॅक लावला आणि ते खाली शिरले. पाना राहिला म्हणून बाहेर सरकले, तोच जॅक मऊ जमिनीत रुतला आणि ट्रॅक्टर कलंडून धाडकन खाली बसला. वहिनी बांधावर भाकरी घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी कोणाला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाभळीचे दोन जाड ओंडके आणि एक रुंद फळी पेटीजवळ आणून ठेवली. म्हणाल्या, "भावजी, पाने शंभर घ्या. पण हे लावल्याबिगर कुणी खाली शिरायचं नाही." तेव्हापासून जागा कठीण व सपाट बघायची, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, जॅकखाली फळी आणि आसाखाली ओंडके, हा घरचा कायदा झाला. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे.

पेटीच्या झाकणात एक वहीही असते. मीटरवरचे तास आणि ऑइल-फिल्टर कधी बदलले ते वहिनीच पेन्सिलीने लिहितात. त्यामुळे ऑइल बदलायचे आता अंदाजावर राहत नाही.

मात्र पेटी आली म्हणजे आपण मिस्त्री झालो असे समजू नये. डिझेल पंपाच्या आतले काम आणि हायड्रोलिक यांना घरी हात लावू नये. काही नव्या ट्रॅक्टरांत इंधनाची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक असते; तिथे पुस्तिका सांगेल तेवढेच करावे. मागचा पी.टी.ओ. दांडा फिरत असताना जवळ जाऊ नये. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. पदर किंवा धोतराचा सोगा सोडवायला वेळच मिळत नाही.

गेल्या रब्बीत पुतण्या पेरत होता. दिवस मावळताना टाकी संपली. त्याने डिझेल भरले, मोबाईलच्या उजेडात पाना काढला, स्क्रू सैल केला, दांडी हलवली. फेस आला, मग स्वच्छ डिझेल. इंजिन लागले आणि उरलेले रान त्याच रात्री पेरून झाले. दादा बांधावर बसून सगळे पाहत होते. जाताना एवढेच म्हणाले, "पाना पुसून जागेवर ठेव रे."