पितळेची बाजू

पितळ म्हटले की मराठी माणसाला ते उघडे पडल्याचेच आठवते. बिचाऱ्या पितळेची बाजू कुणीतरी मांडावी, असे मला वाटू लागले ते आमच्या घरी सौर बंब आला तेव्हापासून.

१९६१ च्या पानशेतच्या पुरात आमचा पुण्यातला वाडा गेला आणि आजोबांनी हे घर बांधले. परसातला तांब्याचा बंब आई रोज पहाटे पेटवी. यंदा खोकला वाढला नि डॉक्टरांनी तिला धूर वर्ज्य केला. म्हणून गच्चीवर सौर बंब बसवला. आता पाणी न्हाणीघरात आणायचे कसे?

मी म्हणालो, “सगळेच नळ नवे घालू.”

“मामंजींनी बांधलेली भिंत फोडायची नाही!” आई म्हणाली.

तोडगा सौभाग्यवतींनी काढला. नवा नळ बाहेरच्या भिंतीवरून उतरवायचा आणि आतल्या जुन्या नळाला जोडायचा.

प्लंबरने जुना लोखंडी नळ भिंतीबाहेर कापला. गंजाने त्यात पेन्सिलीपुरतीच वाट उरली होती. तेवढा तुकडा काढून, धड लोखंड लागले तिथे त्याने आटे पाडले. नवा नळ सीपीव्हीसीचा. तो आपल्या जातभाईंना सोल्युशनने चिकटतो; लोखंडाला ते सोल्युशन धरत नाही. म्हणून मध्ये एक तुकडा आला, एका अंगाने प्लॅस्टिकचा, दुसऱ्या अंगाने पितळी आट्यांचा.

“आजी, हे पितळ दोघांचं जमवून देतं,” प्लंबर म्हणाला.

वरून येताना नव्या नळाला त्याने एक वळसाही दिला. असा दहा मीटर नळ तीस अंशांनी तापला, तर सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. लोखंडी नळ ४ मिलिमीटरही नाही. वळसा नसता, तर नव्याची सगळी वाढ सांध्यावर आली असती.

‘मनः’ आणि ‘रथ’ यांचा ‘मनोरथ’ होतो, कारण विसर्ग नमते घेतो. नळांत नमते कोणीच घेत नाही. तिथे पितळेला मध्ये पडावे लागते. घरातही तसेच. आमच्या घरातले पितळ कोण, हे सुज्ञांस सांगणे न लगे. हा गौरव अजून तिच्या कानावर घातलेला नाही. वाक्प्रचार तिलाही ठाऊक आहे!

आई आता नुसती तोटी फिरवते. ढगाळ दिवशी मात्र परसातला बंबच कामी येतो. तो पेटवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.