वणीच्या पाण्यात ॲमेझॉनचा मासा

ऑफिसात कुणाला सांगितलं की मी वणीचा, की लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोळशाच्या खाणी आहेत तीच ना?" नाही हो, ती यवतमाळची. आमची नाशिकची. दिंडोरी तालुका, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याची, द्राक्षवाली. तर अशा आमच्या वणीत सध्या डिस्कस मासे पाळण्याचा प्रकल्प चालू आहे. क्लायंट आमचे अण्णा. वय ६८, निवृत्त शिक्षक. आर्किटेक्ट अस्मादिक, राहणार पुणे. म्हणजे साइट अडीचशे किलोमीटरवर आणि सपोर्ट फोनवरून!

आई गेल्याला दोन वर्षं झाली. घर फार शांत झालंय. त्यातच अण्णांनी नाशिकच्या एका दुकानात डिस्कस पाहिले. थाळीसारखा गोल, चपटा, संथ चालीचा मासा. चालतो असा की जणू कुणी वाट बघत नाहीये. अण्णांनी फोनवर जाहीरच केलं, "मला तो पाहिजे."

आता डिस्कस म्हणजे गोल्डफिश नव्हे. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. १८४० साली हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्याकडे कोकण-गोव्यात तव्यावर दिसणारं कालुंदर याच कुळातलं, लांबचं भावकीतलं. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, आणि आई-बाप दोघंही आळीपाळीने ते काम करतात. हे ऐकल्यावर अण्णांचा निर्णय पक्का झाला.

आमची ताई म्हणाली, "कशाला त्यांच्या मागे या वयात काम?" म्हणून मी एक्सेल शीट केली आणि सोपे पर्याय मांडले. गप्पी पहिल्या नंबरवर. विहिरीचं जड पाणी गप्पीला आवडतं, हीटर नको, काही नको. अण्णांनी शीट नीट वाचली आणि म्हणाले, "गप्पी? ते तर आरोग्य खात्याचे लोक डासांसाठी डबक्यात सोडतात." विषय संपला.

मग त्यांनी विचारलं, "जगतो किती हा?"

"नीट ठेवला तर दहा वर्षं."

"म्हणजे मी अठ्ठ्याहत्तर. बघू, कोण आधी रिटायर होतंय!"

ते हसले, पण मला खरी रिक्वायरमेंट तिथे कळली. ही टाकी आजच्या अण्णांना झेपून उपयोग नाही. ती अठ्ठ्याहत्तरीच्या अण्णांनाही झेपली पाहिजे, आणि तीही मी तिथे नसताना.

पहिला प्रश्न आकाराचा. लोकांना वाटतं, लहान टाकी म्हणजे कमी काम. उलट आहे. पाणी जितकं जास्त, तितकं ते हळू तापतं, हळू गार होतं, हळू घाण होतं. चूक सावरायला वेळ मिळतो. शिवाय डिस्कस कळपात राहतो. दोन-तीनच ठेवले तर दांडगा असतो तो बाकीच्यांना जगू देत नाही. मोठा मासा सहा-सात इंचांचा होतो, आणि माशामागे ४० लिटर हा रूढ हिशोब. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत २५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे सहा मासे. दुकानदार दहा म्हणत होता. दहा माशांना जास्त पाणी बदलावं लागणार, आणि आमच्याकडे मे महिन्यात पाणी जपून वापरावं लागतं. तिथे आकडा सहावर गोठवला.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. याला पाणी लागतं २८ ते ३० अंश. वणीत डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो. ३०० वॉटचा एक हीटर घेण्याऐवजी दीडशेचे दोन घेतले. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून नेतो. आणि एक चालूच राहून अडकला तरी एकटा दीडशेचा एवढं पाणी लगेच उकडू शकत नाही. तिन्ही बाजूंना थर्मोकोल लावलं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप. तो जेमतेम पाच वॉट खातो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, त्यामुळे आधी श्वास, मग ऊब.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आमच्या विहिरीचा टीडीएस ६००, पीएच आठच्या आसपास. डिस्कसला मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. उपाय साधा: एक भाग विहिरीचं, दोन भाग आरओचं. टीडीएस येतो २२० च्या घरात. टाकीत पैदास झालेल्या माशांना हे चालतं. त्यांना अचूक आकड्यापेक्षा आकडा रोज तोच राहणं महत्त्वाचं. आरओचं वाया जाणारं पाणी भांड्यांना आणि अंगण धुवायला. टाकीतून काढलेलं पाणी कढीपत्त्याला. नायट्रेट फुकट!

आठवड्याला ७० लिटर बदलायचं. एका दमात नाही. बुधवारी ३५, रविवारी ३५. आणि बादली उचलायची नाही. स्टँड अडीच फूट उंच केला, म्हणजे सायफनची नळी थेट खिडकीतून अंगणात. नवीन पाणी पिंपात आदल्या दिवशी मिसळून, गरम करून ठेवायचं आणि छोट्या पंपाने चढवायचं. अण्णांनी फक्त बटण दाबायचं.

खाणं दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. पिल्लं असतील तर चार-पाचदा, थोडं थोडं. परदेशात बैलाचं काळीज घालतात. अण्णा माळकरी, त्यामुळे तो प्रश्नच नाही. चांगल्या दाण्यांवर काम भागतं. तळाला वाळू नाही, उघडी काच. उरलेलं खाणं लगेच दिसतं आणि लगेच ओढून काढता येतं.

सगळं लागलंय, मासे मात्र अजून नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. एक जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रिकाम्या टाकीत थेंबाथेंबाने अमोनिया घालून ती बसवतोय. शेजारचे येऊन विचारतात, "गुरुजी, मासे कुठायत?" अण्णा त्यांना नायट्रोजन चक्र शिकवतात. फळा नाही एवढंच.

आज चौथा आठवडा. अमोनिया शून्यावर आलाय, नायट्राइट अजून बराच आहे.

पूर्वी अण्णांचा फोन दोन मिनिटांचा असायचा. "जेवलास का? बरं, ठेवतो." आता रोज रात्री नऊला वहीतले आकडे सांगायला फोन येतो. तापमान, पीएच, नायट्राइट. मग विहिरीची पातळी, मग द्राक्षाची छाटणी, मग कधीतरी आईचा विषय. परवा चाळीस मिनिटं झाली. मासे आणायची घाई मला तरी नाही.