चार भाषांची वसई, दोन क्रेडिटची मराठी

आमच्या पिढीचा वसईकर कॉलेजात पाऊल टाकेपर्यंत तीन-चार भाषा पचवून बसलेला असे. घरात सामवेदी, म्हणजे कादोडी. पलीकडच्या आळीत वाडवळी. शाळेत आणि चर्चमध्ये पुस्तकी मराठी, आणि वाण्याच्या दुकानात कामापुरती गुजराती. याला बहुभाषिकता म्हणतात, हे कळलं ते फार उशिरा.

1971 साली विद्यावर्धिनी संस्थेचं वर्तक कॉलेज वसईत निघालं. त्याआधी पदवीसाठी मुंबई गाठावी लागे. पहाटेच्या लोकलमध्ये भाजीच्या टोपल्यांना टेकून वाचत आमच्या आधीच्या कित्येकांनी बी.ए. केलं. आम्हाला निर्मळ-वाघोलीकडून एसटीने कॉलेजला जाता आलं, ही त्या मानाने चैनच.

सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. विज्ञान शाखेत मराठीला थारा नव्हता, आणि मराठी शाळेतून आलेली चांगली पोरं पहिल्याच वर्षी इंग्रजीत गटांगळ्या खायची. कला शाखेत मात्र उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येई. प्रश्नपत्रिकेत इंग्रजीखाली मराठी रूपांतर असे. दोन्हींत फरक आढळला तर इंग्रजी प्रमाण मानायचं, हेही तिथेच बजावलेलं. ते रूपांतर कधी कधी इतकं जड असे, की प्रश्न समजून घ्यायला आम्ही इंग्रजीकडेच वळायचो!

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश लायब्ररीच्या कपाटात होते. वर्गात चालायची ती सरांची भाषा. मागणीची लवचिकता शिकवताना अर्थशास्त्राच्या सरांनी एकदा पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कुणाकुणाच्या घरून दादरला फुलं जातात रे?" बरेच हात वर झाले. "गणपतीत सोनचाफा दुप्पट भावाने विकला तर गिऱ्हाईक परत जातं? आणि एरवी?" पुढचा अर्धा तास पोरंच बोलत होती. भाव पडला की बाबा माल कसा काढून टाकतात, हे एकाने तर भरात चक्क कादोडीत सांगितलं. कुणी हसलं नाही. सर फळ्यावर वक्ररेषा काढत होते आणि तिच्याखाली इंग्रजी नाव लिहीत होते, कारण पुढे पुस्तकात तेच भेटणार होतं. ही पद्धत कुठल्या परिपत्रकाने आली नव्हती.

तसा विद्यापीठाचा आणि मराठीचा संसार जुनाच कुरकुरीचा. मुंबई विद्यापीठ 1857 चं. तिथे मराठीला मानाची जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षं झगडले. एम.ए.ला मराठी आली ती 1901 साली, आणि त्याच वर्षी रानडे गेले.

आज वसई-नालासोपारा-विरारच्या कॉलेजांत जाऊन बघा. व्हरांड्यात हिंदी. वर्गात भोजपुरी, गुजराती, मारवाडी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं. आणि आमच्या, सामवेदी-वाडवळी बोलणाऱ्या कुपारी-वाडवळ घरांतली मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमातून आलेली. आजीचं बोलणं त्यांना समजतं, उत्तर मात्र इंग्रजी-हिंदीत येतं. मुलांना बोल लावून उपयोग नाही. शाळा त्यांनी निवडली नव्हती, मराठी शाळेत शिकलेल्या आईबापांनी निवडली होती.

आणि सरकारला मातृभाषा आठवली ती नेमकी आता. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषेतून उच्च शिक्षणाची भलामण करतं. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून बी.टेक. सुरू झालं. अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी परीक्षा स्थानिक भाषेत देऊ द्या, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 च्या एप्रिलमध्ये विद्यापीठांना कळवलं. 2024 मध्ये मराठी अभिजातही झाली. पण ज्याला या सवलतीची खरी गरज होती, तो मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी वसईच्या वर्गात आता थोडाच उरलाय. प्रश्न वाचकांचाही आहे. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना मिळालं. त्यांनी चालवलेल्या 'सुवार्ता' मासिकाला वाचक मिळाले ते याच मराठी शाळांमुळे. वाचकांची पुढची फळी कुठून आणायची, यावर मला कुठलंच धोरण बोलताना दिसत नाही.

याच धोरणाने आलेल्या नव्या रचनेत पदवीला भारतीय भाषेचा एक छोटा विषय घ्यावा लागतो, सत्राला दोन क्रेडिटचा. मुलं तो अर्ज-पत्रलेखनाच्या नोट्सवर उरकतात. वसईच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : त्या दोन क्रेडिटांसाठी मुलांना आगाशी, गास, भुईगाव, अर्नाळ्याला पाठवा. सामवेदी, वाडवळी, मांगेली बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी त्यांना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू द्या आणि मराठीत लिहून आणायला सांगा. भोजपुरी घरातल्या पोराने स्वतःच्या आजीची गोष्ट मराठीत आणली, तर त्यालाही पूर्ण गुण द्या. याला वेगळी परवानगी लागणार नाही, खर्चही नाही. येत्या सत्रापासून करता येईल.